274 डॉलरची व्हायल खाली कोणी आणली?

एली लिली कंपनीच्या ह्यूमॅलॉग या इन्सुलिनची 10 मिलिलिटरची व्हायल अमेरिकेत 1999 साली 21 डॉलरला होती. 2017 साली तिची जाहीर किंमत 274 डॉलर झाली. मधल्या अठरा वर्षांत आतलं औषध तसूभरही बदललं नव्हतं. तोच रेणू, तेवढीच 1,000 युनिट्स. मग 2023 साल संपेपर्यंत ती 66 डॉलरच्या आसपास आली आणि त्याच कंपनीचं तेच औषध बिनब्रँडच्या लेबलखाली 25 डॉलरला मिळू लागलं.

अमेरिकेत औषधोपचार इतका महाग का, हा विषय एवढा अवाढव्य आहे की बोलणं लवकरच 'कंपन्या लुटतात' आणि 'सरकारने काहीतरी करावं' इथे येऊन थांबतं. म्हणून इथे एकच औषध घेतलं आहे. त्याची किंमत चढली कशी याची कागदपत्रं आहेत आणि उतरली कशी याचीही. उतरवण्याचं श्रेय घ्यायला मात्र रांग लागली आहे. बायडन म्हणाले आम्ही केलं, ट्रम्प म्हणतात मी आधी केलं, कंपन्यांनी रुग्णप्रेमाची पत्रकं काढली. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण सर्वांत मोठं काम केलं ते मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेच्या हिशोबातल्या एका रुक्ष कलमाने, असं माझं मत आहे. त्या कलमावर कोणी प्रचारसभेत बोललं नाही.

किंमत चढली कशी

टोरांटोची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: 1923 साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचं पेटंट प्रत्येकी 1 डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिलं. ती सांगून लोक हळहळतात, पण आजच्या किमतीशी तिचा फारसा संबंध नाही. आज विकली जातात ती बहुतेक 'अ‍ॅनालॉग' इन्सुलिनं (मानवी इन्सुलिनच्या रेणूत थोडा बदल करून बनवलेली) 1996 नंतर आलेली आहेत. अमेरिकेचा बाजार लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी या तीनच कंपन्यांच्या हाती राहिला. तिघींच्या किमती वर्षानुवर्षं जवळजवळ जोडीने वाढत गेल्या.

आता, तीन विक्रेते असतील तर निदान एखाद्याने भाव पाडून गिऱ्हाईक ओढायला हवं. तसं झालं नाही, कारण गिऱ्हाईक रुग्ण नव्हताच. अमेरिकेत विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्या मध्ये पीबीएम नावाची संस्था बसलेली असते. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तीन पीबीएमच्या हातून देशातली सुमारे 80 टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात. विम्यात कोणतं औषध बसेल आणि कोणतं नाही, ती यादी पीबीएम करते. यादीत जागा हवी असेल तर औषध कंपनी जाहीर किमतीवर रिबेट, म्हणजे मागाहून परत करायची सूट देते. बाजार समितीतला अडत्या टक्क्याने अडत घेत असेल तर भाव चढलेला त्याला बरा वाटणारच, इथेही तेच. 300 डॉलरवर 60 टक्के रिबेट देणारी कंपनी 120 डॉलरची वस्तू सरळ 120 ला विकणाऱ्या कंपनीपेक्षा यादीत वर जाते. दोन्हीकडे खरी किंमत एकच, पण पहिलीत वाटून घ्यायला 180 डॉलर आहेत.

सिनेटच्या अर्थ समितीने ग्रासली आणि वायडन या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांच्या नेतृत्वाखाली कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं मागवली आणि जानेवारी 2021 मध्ये अहवाल काढला. त्यातला एक आकडा पुरेसा बोलका आहे. 2013 साली सनोफी आपल्या लॅन्टस या इन्सुलिनसाठी एका मोठ्या पीबीएमला 2 ते 4 टक्के रिबेट देऊ करत होती. पाच वर्षांनी ते 56 टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे जाहीर किंमत वाढत होती तेव्हा कंपनीच्या हाती पडणारा पैसा त्या प्रमाणात वाढतच नव्हता. कंपन्या हे रडगाणं गातात तेव्हा ते खोटं नसतं, फक्त अर्धं असतं. किंमत वाढवण्याचं बटण शेवटी त्यांच्याच हातात होतं.

यात मार बसतो तो ज्याला रिबेट कधी दिसतच नाही त्याला. एक म्हणजे विमा नसलेला माणूस. दुसरा, डिडक्टिबल मोठं असलेला माणूस. डिडक्टिबल म्हणजे विमा लागू होण्याआधी वर्षाला स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. ती संपेपर्यंत काउंटरवर जाहीर किंमतच मोजावी लागते. त्याने मोजलेल्या 300 डॉलरमधले 180 मागून पीबीएम आणि विमा कंपनीकडे परत जातात आणि त्यातून सगळ्यांचा हप्ता थोडा कमी ठेवला जातो. विम्यात धडधाकट माणसाने आजाऱ्याचा भार उचलायचा असतो. इथे मधुमेही माणूस धडधाकट सहकाऱ्याचा हप्ता भरत होता.

रँड या संस्थेने 2018 च्या जाहीर किमतींची तुलना केली. इन्सुलिनच्या एका प्रमाणित मापाला अमेरिकेत सरासरी 98.70 डॉलर, कॅनडात 12, ब्रिटनमध्ये 7.52, ऑस्ट्रेलियात 6.94. रिबेट वजा केलं तरी अमेरिका इतरांच्या कितीतरी वर राहते. 2019 च्या जुलैत सिनेटर बर्नी सँडर्स काही रुग्णांना बसमधून डेट्रॉइटहून नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला घेऊन गेले, तिथल्या दुकानात तीच व्हायल साधारण दहाव्या हिश्शात मिळाली. निवडणुकीचा देखावा होताच, पण पावत्या खऱ्या होत्या.

मिनेसोटातला सव्विसावा वाढदिवस

ओबामांच्या 2010 च्या कायद्याने मुलांना वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं. मिनेसोटातल्या एका टाइप 1 मधुमेही (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) तरुणाचा विमा 2017 साली असाच संपला. तो एका रेस्टॉरंटमध्ये मॅनेजर होता, वर्षाला 35,000 डॉलरच्या आसपास पगार. मेडिकेड मिळायला तो जास्त होता. बाजारात मिळणाऱ्या विम्याचा हप्ता महिन्याला सुमारे 450 डॉलर आणि वर डिडक्टिबल 7,600. त्याने हिशोब केला तो चुकीचा म्हणता येत नाही: एवढा हप्ता भरूनही पहिले कित्येक महिने इन्सुलिन स्वतःच्याच पैशाने घ्यायचं, तर विमा कशाला? मग फार्मसीत गेल्यावर इन्सुलिन आणि इतर साहित्याचं महिन्याचं बिल निघालं सुमारे 1,300 डॉलर. त्याने इन्सुलिन पुरवून पुरवून वापरलं. विमा संपल्यावर महिन्याभरात कीटोअ‍ॅसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्तात आम्लं साचून) तो घरी एकटाच असताना गेला. पगार तीन-चार दिवसांवर होता.

पुरवून वापरणारा तो एकटा नव्हता. येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रातल्या पाहणीत दर चारपैकी एका रुग्णाने खर्चापायी इन्सुलिन कमी घेतल्याचं सांगितलं होतं. ती 2019 साली प्रसिद्ध झाली. 2021 च्या राष्ट्रीय आकडेवारीवरून काढलेला अंदाज 13 लाख प्रौढांचा आहे. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकली तर बहुधा निभावतं. टाइप 1 मध्ये चार दिवस निभावत नाहीत.

त्या तरुणाच्या आईने विधिमंडळाचे उंबरठे झिजवले आणि 2020 साली मिनेसोटात त्याच्या नावाने कायदा झाला. तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा कायदा वाटतो. सात दिवसांपेक्षा कमी इन्सुलिन शिल्लक असलेल्या माणसाने फार्मसीत जायचं, एक पानाचा अर्ज भरायचा, जास्तीत जास्त 35 डॉलर द्यायचे आणि 30 दिवसांचं इन्सुलिन घेऊन बाहेर पडायचं. भुर्दंड औषध कंपनीवर. कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, 30 जूनला, औषध कंपन्यांची संघटना फार्मा कोर्टात गेली: आमची मालमत्ता भरपाई न देता घेतली जाते आहे.

मर्यादा कोणाला लागली, कोणाला नाही

राज्यांनी दुसरा रस्ता धरला तो को-पेवर, म्हणजे विमा असूनही रुग्णाने काउंटरवर भरायच्या वाट्यावर, मर्यादा घालण्याचा. 2019 साली कोलोरॅडोने महिन्याला 100 डॉलर अशी सुरुवात केली, मग वीसहून जास्त राज्यं मागे आली. बातम्यांत हे फार छान दिसलं. प्रत्यक्षात त्याचा आवाका तोकडा होता आणि त्यामागचं कारण अमेरिकेतल्या मराठी नोकरदारांनी जरूर समजून घ्यावं असं आहे.

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा विमा विकत घेत नाहीत. दाव्यांचे पैसे स्वतःच भरतात. कार्डावर एखाद्या नामांकित विमा कंपनीचं नाव असतं, पण ती फक्त कागद हलवते. अशा योजनांना 1974 चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्याचे विमा नियम तिथे चालत नाहीत. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त लोक अशा योजनांत आहेत. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आयटीत काम करणारा आपला माणूस बहुतेक वेळा याच गटात मोडतो. राज्याने मर्यादा घातली हे वाचून तो फार्मसीत गेला तर हात हलवत परत येणार. आपली योजना 'सेल्फ-फंडेड' आहे का, हा प्रश्न एचआरला विचारायला पाच मिनिटं लागतात.

केंद्राने ऑगस्ट 2022 मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट केला. 1 जानेवारी 2023 पासून मेडिकेअरवरच्या, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांपुढच्या लोकांना प्रत्येक इन्सुलिनसाठी महिन्याला 35 डॉलरची मर्यादा मिळाली. (ट्रम्प यांच्या काळात 2021 पासून काही मेडिकेअर योजनांमध्ये ऐच्छिक स्वरूपात हीच मर्यादा होती, श्रेयाचं भांडण तिथून आहे.) खाजगी विम्यालाही ती लावण्याची तरतूद सिनेटमध्ये 57 विरुद्ध 43 मतांनी हरली. हो, हरली. अर्थसंकल्पाच्या नियमांबाहेरची म्हणून तिला 60 मतं हवी होती.

शिवाय को-पेवरची मर्यादा किंमत कमी करत नाही. काउंटरवर 35 दिसतात आणि उरलेला बोजा हप्त्यात जातो. रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने ते चालेल, पण 274 चा आकडा जिथल्या तिथे राहतो, आणि विमाच नसलेल्या माणसासमोर तो तसाच उभा असतो.

कलम

1 मार्च 2023 ला लिलीने किमती 70 टक्के उतरवणार असल्याचं जाहीर केलं. 14 मार्चला नोव्हो, 16 मार्चला सनोफी. सनोफीच्या लॅन्टसची कपात 78 टक्के. वीस वर्षं एकमेकींच्या मागोमाग वर चढलेल्या कंपन्या पंधरवड्यात एकत्र खाली आल्या. यातल्या दोघींनी कपात लागू करायची तारीख दिली 1 जानेवारी 2024, आणि लिलीने त्याच्या आधीची तिमाही. या तारखेकडे पाहिलं की उलगडा होतो.

मेडिकेड ही गरिबांची सरकारी योजना. तिला औषध विकणाऱ्या कंपनीला कायद्यानेच रिबेट द्यावं लागतं. ब्रँडेड औषधावर पायाभूत रिबेट सरासरी किमतीच्या किमान 23.1 टक्के. त्यावर आणखी एक दंड: औषध बाजारात आलं तेव्हापासून त्याची किंमत महागाईपेक्षा जितकी जास्त वाढली, तो सगळा फरक सरकारला परत. 21 डॉलरचं 274 केलेल्या औषधाचा हा दंड किती होईल ते सांगायला नको. पण 2010 पासून एक झाकण होतं: एकूण रिबेट औषधाच्या किमतीच्या 100 टक्क्यांपलीकडे जायचं नाही. त्यामुळे मेडिकेडला जुनी इन्सुलिनं जवळजवळ फुकट पडत होती आणि कंपन्यांना ते परवडत होतं, कारण चढी जाहीर किंमत बाकीच्या बाजारात कामाला येत होती. शंभर टक्के गाठल्यावर तर पुढची वाढ मेडिकेडपुरती बिनदंडाची.

मार्च 2021 मधल्या कोविड मदतीच्या अवाढव्य कायद्यात हे झाकण काढून टाकण्याचं कलम होतं. लागू होणार 1 जानेवारी 2024 पासून. त्या दिवसानंतर जुनी किंमत ठेवली असती तर मेडिकेडच्या रुग्णाला दिलेल्या प्रत्येक व्हायलमागे कंपनीने औषध द्यायचं आणि वर सरकारला पैसेही मोजायचे, अशी पाळी होती. जाहीर किंमत पाडली की दंडाचा फरक आक्रसतो. तिघींनी ती पाडली.

जनमताचा रेटा, आंदोलनं, फेब्रुवारी 2023 मध्ये बायडन यांनी संसदेतल्या भाषणात केलेली मागणी, हे सगळं नव्हतं असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्विटरवर लिलीच्या नावाच्या बनावट खात्याने 'इन्सुलिन आता फुकट' असं जाहीर केलं, तेव्हा कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला होता; चेहरा किती बिघडला आहे ते त्यांना दिसलं असणार. पण चेहरा तर 2017 पासून बिघडलेलाच होता. बदललं होतं ते गणित.

याची एक गंमतीदार किंवा संतापजनक, जशी घ्याल तशी, साक्ष लिलीच्याच बिनब्रँडच्या लिस्प्रोत, म्हणजे ह्यूमॅलॉगमधल्याच औषधात, आहे. 2019 साली काँग्रेसच्या चौकशीच्या सुमारास तिने तेच औषध दुसऱ्या लेबलखाली 137.35 डॉलरला आणलं. 2022 साली 82.41. मे 2023 पासून 25. एकच द्रव, चार वर्षांत तीन किमती, आणि प्रत्येक वेळी 'रुग्णांसाठी'. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की नफा धरूनही अ‍ॅनालॉग इन्सुलिन एका रुग्णाला वर्षाला 78 ते 130 डॉलरमध्ये देता येईल. 25 डॉलरच्या व्हायलकडे पाहिलं तर तो अंदाज फारसा हवेतला वाटत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. किंमत उतरली तसं मेडिकेडला मिळणारं रिबेटही आटलं, म्हणजे राज्यांच्या तिजोरीत येणारा पैसा कमी झाला.

यादीबाहेर

किंमत उतरल्यावर यादीचं काय झालं? नोव्होने मार्च 2023 मध्ये आपल्या लेव्हेमिर या इन्सुलिनची किंमतही 65 टक्के उतरवू असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये सांगितलं की लेव्हेमिर अमेरिकेत बंदच करतो. कारणांमध्ये उत्पादनाच्या अडचणी होत्या, आणि जानेवारी 2024 पासून औषध विम्यांच्या याद्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडणार हेही होतं. गरोदरपणात अनेक डॉक्टर ज्यावर भिस्त ठेवत, ते औषध 2024 अखेर दुकानांतून गेलं.

हा अनुभव बंगळूरच्या बायोकॉनने आधीच घेतला होता. तिच्या सेमग्लीला, म्हणजे लॅन्टसच्या प्रतिरूपाला, जुलै 2021 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फार्मासिस्टला परस्पर बदलून देता येईल असं पहिलं इन्सुलिन म्हणून मान्यता दिली. बायोकॉन आणि तिची भागीदार व्हायाट्रिस यांनी ते दोन लेबलांखाली आणलं: पाच पेनांचा बॉक्स एकात सुमारे 404 डॉलर, दुसऱ्यात 148. महागडं पीबीएमसाठी, स्वस्त ज्याला रिबेटशी देणंघेणं नाही त्याच्यासाठी. एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सने 2022 च्या आपल्या मुख्य यादीत लॅन्टसच्या जागी घेतलं ते 404 वालं. सप्टेंबर 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तिन्ही मोठ्या पीबीएमवर इन्सुलिनच्या किमतींवरून खटला भरला, त्यात आक्षेप नेमका याच वागणुकीवर होता: स्वस्त पर्याय समोर असताना महाग निवडणं.

मराठी घरांपुरती एक वेगळी सूचना इथेच देतो, कारण स्वस्त झालेल्या इन्सुलिनशी तिचा थेट संबंध आहे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईवडिलांचं भारतातून आणलेलं इन्सुलिन संपतं. प्रवासी विम्यात जुना आजार सहसा बसत नाही. वॉलमार्टमध्ये ह्यूमन इन्सुलिनची व्हायल 25 डॉलरच्या आसपास मिळते आणि बहुतेक राज्यांत तिला प्रिस्क्रिप्शनही लागत नाही, म्हणून ती घेतली जाते. ती मिलिलिटरला 100 युनिट्सची असते. भारतातली व्हायल बहुधा 40 युनिट्सची, आणि सामानात आणलेल्या लाल टोपीच्या सिरिंजही 40 च्या. त्या सिरिंजने इथलं इन्सुलिन 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात 50 युनिट्स जातात. सिरिंज इथलीच, नारिंगी टोपीची घ्यावी, आणि ह्यूमन व अ‍ॅनालॉग यांची अदलाबदल डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

कॅलिफोर्नियाने याद्यांच्या खेळातून बाहेरच पडायचं ठरवलं. मार्च 2023 मध्ये राज्याने सिव्हिका या ना-नफा कंपनीशी 5 कोटी डॉलरचा करार केला. स्वतःच्या नावाचं इन्सुलिन, व्हायल 30 डॉलरला. सिव्हिकाचा कारखाना व्हर्जिनियात पीटर्सबर्गला आहे, पण वेळापत्रक घसरत गेलं आणि टीकाही झाली. अखेर 1 जानेवारी 2026 पासून ग्लार्जिनची (लॅन्टसमधलं तेच इन्सुलिन) पेनं बाजारात आली ती बायोकॉनने बनवलेली. फार्मसीला पाच पेनांचा बॉक्स 45 डॉलरला मिळतो आणि ग्राहकाने 55 पेक्षा जास्त देऊ नयेत अशी शिफारस आहे. त्यात कूपन नाही, पीबीएमला द्यायचं रिबेट नाही.

त्याच दिवसापासून ओबामाकेअरच्या बाजारातल्या विम्यांवरचं कोविडकाळातलं वाढीव अनुदान संपलं. 26 वर्षांच्या, 35,000 पगाराच्या माणसाला इन्सुलिन आता परवडतं. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरची भेट, रक्तातली साखर मोजणारा सेन्सर आणि डोळ्यांची तपासणी यांचे दर या सगळ्या हालचालीत तसेच राहिले, आणि त्यांच्यासाठी लागणारा विमा त्याला 2025 पेक्षा महाग पडतो.